एअरसॉफ्ट: खेळ एका दिवसाचा, व्याप आठवडाभराचा

एअरसॉफ्ट हा नकली बंदुकांनी खेळायचा लढाईचा खेळ. त्यातल्या बंदुकीबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं त्यांच्यातूनच निघतं. एक, ती हुबेहूब खऱ्या बंदुकीसारखी दिसते. दोन, तिचा छर्रा कपड्यावर लागला तर मागे कसलीच खूण राहत नाही. पेंटबॉलमध्ये, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळात, डाग पडतो, लपवायला गेलं तरी लपत नाही. इथे तो प्रकारच नाही. हा छंद लागलेल्या माणसाचं घर, गाडी, कपाट, रविवार आणि थोडाफार स्वभाव यांत जे बदलतं, ते या दोन गोष्टींमुळे.

खेळ थोडक्यात असा. दोन गट, एखादं जंगल किंवा रिकामी इमारत. कधी झेंडा पळवायचा, कधी एखादं ठाणं राखायचं, कधी नुसतंच समोरच्यांना बाद करत सुटायचं. छर्रा लागला की लागलेल्याने स्वतः 'हिट' असं ओरडायचं, हात वर करायचा, डोक्यावर लाल फडकं टाकायचं आणि ठरलेल्या जागी परत जायचं. तिथून थोड्या वेळाने पुन्हा डावात. या खेळाचं मूळ जपानमध्ये आहे. सामान्य माणसाला तिथे खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्य, आणि हौस तर होती. त्यातून १९७०च्या दशकात प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुका आल्या. १९९१ साली टोकियो मारुई या कंपनीने फ्रेंच फामास रायफलच्या रूपातली विजेवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि खेळाचा नूरच पालटला. आज मैदानावर दिसणाऱ्या बहुतेक बंदुका त्याच जातीच्या.

आत दारू नसते, स्फोट नसतो. बॅटरी मोटर फिरवते, मोटर दातेरी चाकं फिरवते, चाकं पिस्टनला मागे खेचतात आणि पिस्टन स्प्रिंग दाबत जातो. चाकाचे दाते संपले की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याने रेटलेली हवा ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळीला नळीबाहेर ढकलते. गॅसवर चालणाऱ्या बंदुकाही असतात. त्यातला 'ग्रीन गॅस' म्हणजे बहुतेक वेळा प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन तेल. थंडीत त्याचा दाब पडतो, म्हणून हिवाळ्यात काही खेळाडू मॅगझिन, म्हणजे छर्रे आणि गॅस भरलेली पेटी, जॅकेटच्या आत, अंगाशी धरून हिंडताना दिसतात.

आता छर्र्याचं वजन. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. तेवढीच ऊर्जा ०.४० ग्रॅमच्या छर्र्याला दिली तर तो सेकंदाला साधारण ७१ मीटर वेगाने सुटेल. म्हणजे सुटताना हळू, पण जड असल्यामुळे वेग टिकवून धरणारा आणि वाऱ्याला कमी भीक घालणारा. म्हणूनच नुसता वेग सांगून भागत नाही, सोबत वजन सांगावं लागतं. प्रत्येक मैदानावर सकाळी वेग मोजायचं यंत्र लावतात. मर्यादेच्या वर आकडा गेला तर ती बंदूक त्या दिवशी बाहेर, मग कितीही अजिजी करा.

पण एवढ्या हलक्या गोळीने ४०-५० मीटर जायचं कसं? इथे हॉप-अप नावाची करामत आहे. नळीच्या सुरुवातीला, वरच्या बाजूला रबराचा एक बारीकसा उंचवटा असतो. छर्रा त्याला घासून जातो तेव्हा त्याची वरची बाजू अडते आणि तो मागच्या दिशेने गिरक्या घेत बाहेर पडतो. गिरकीमुळे वरची हवा जास्त वेगाने मागे जाते, खालची अडखळते आणि छर्रा वर उचलला जातो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हा उंचवटा किती दाबायचा ते एका छोट्या चाकाने ठरवता येतं. मैदानाच्या कडेला उभं राहून हे चाक जुळवणाऱ्या माणसाकडे जरा पाहा. एक गोळी झाडतो, मान तिरकी करून तिची वाट बघतो. गोळी तीसेक मीटरवर मान टाकते. चाक कणभर फिरवतो. आता ती सरळ जाता जाता मध्येच आभाळाकडे वळते, म्हणजे जास्त झालं. पुन्हा कणभर मागे. आणि मग एक अशी सुटते की जाते, जाते, सपाट जात राहते आणि शेवटी दमून खाली येते. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ना, ते पाहिलं की लक्षात येतं, या छंदात बंदूकबाजांपेक्षा खटपटे लोक जास्त का असतात.

ही खटपट घरी येते. पहिला बदल तिथेच दिसतो. ज्याने आयुष्यात कधी सोल्डरिंगची कांडी हातात धरली नाही, तो वर्षभरात वायरी जोडू लागतो, गिअरबॉक्स उघडून चाकांमध्ये पातळ चकत्या घालू लागतो. गिअरबॉक्स पहिल्यांदा उघडताना आतली स्प्रिंग उसळून खोलीच्या कोपऱ्यात जाते, हे जवळजवळ ठरलेलं. छर्रे तर घरभर होतात. ते पँटच्या खिशात सापडतात, गालिच्यात सापडतात, कपडे धुण्याच्या यंत्राच्या जाळीत सापडतात. घरातल्या इतर माणसांचा या खेळाशी पहिला परिचय बहुधा अनवाणी पायाखाली आलेल्या छर्र्यानेच होतो.

बॅटरीचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. हल्ली वापरतात त्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या जोरकस असतात, पण लहरी. एका सेलचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२, नेहमीचा ३.७, आणि तो ३च्या खाली गेला की सेल बिघडायला लागतो. दोन सेलच्या बॅटरीवर म्हणूनच ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं. आठवडाभर ठेवायची तर ती पूर्ण भरून ठेवायची नाही आणि पूर्ण संपवूनही ठेवायची नाही, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. प्रत्येक सेल वेगळा मोजणाऱ्या चार्जरनेच भरायची, आणि भरताना समोर बसायचं. रात्री लावून झोपी जाणं म्हणजे आगीला आवतण. फुगलेली बॅटरी 'अजून एक डाव चालेल' म्हणून वापरू नये. हे सगळं अंगवळणी पडलं की आठवड्याला आपोआप एक वेळापत्रक येतं. खेळाच्या आदल्या संध्याकाळी चार्जिंग आणि बांधाबांध. खेळून आल्यावर, अंग कितीही मोडून आलेलं असलं तरी, मॅगझिन काढायचं, नळीत छर्रा अडकलेला नाही याची खात्री करायची, स्प्रिंग दाबलेली राहू नये म्हणून सुरक्षित दिशेला एक रिकामा बार सोडायचा, मग बॅटरी काढायची आणि हॉप-अपचं चाक सैल करायचं, नाहीतर रबर चेपून बसतं. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याचा कंटाळा असेल तर हा छंद महागात पडतो.

आता पहिल्या गोष्टीकडे वळू: बंदूक खरी दिसते. मैदानावर ती मौज असते. मैदानाच्या फाटकाबाहेर तेवढीच मोठी जोखीम. रस्त्यावरून जाणाऱ्याला, खिडकीतून बघणाऱ्या शेजाऱ्याला किंवा पोलिसाला पाच पावलांवरून फरक कळत नाही आणि कळावा अशी अपेक्षा ठेवणंही चूक. त्यामुळे देशोदेशी नियम झाले आहेत आणि ते एकमेकांशी जराही जुळत नाहीत. जपानने २००६ साली कायदा बदलून ६ मिलिमीटरच्या छर्र्यासाठी ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये २०१७च्या कायद्याने सलग झाडणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल आणि एकेक गोळी झाडणारीला २.५ ज्यूल अशी मर्यादा आहे. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं हाच तिथे गुन्हा. दक्षिण कोरियात तर मर्यादा ०.२ ज्यूल. अमेरिकेत आयात आणि विक्रीच्या वेळी नळीच्या टोकाला नारिंगी खूण लागते. काही ठिकाणी हा खेळच चालत नाही. तेव्हा कुणी मित्राने 'अरे, खेळणं तर आहे' म्हटलं तरी आपण जिथे राहतो तिथला कायदा आधी वाचावा, खरेदी मागाहून.

कायदा पाळला तरी रोजच्या वागण्यातल्या बारीकसारीक गोष्टी उरतातच. बंदूक बंद पिशवीत, बॅटरी आणि मॅगझिन वेगळं, पिशवी गाडीच्या डिकीत. वाटेत गाडी बंद पडली तरी पिशवी बाहेर काढून झाडाखाली ठेवायची नाही. झाडापानांच्या रंगाचे कपडे मैदानावर पोचल्यावर चढवायचे. त्याच वेषात पेट्रोल भरायला किंवा चहा प्यायला थांबायचं नाही. काही देशांत सैन्याचा सध्याचा गणवेश नागरिकाने घालणं हेच बेकायदा आहे. घरात गच्चीवर, अंगणात, खिडकीशी नेम धरून बघायचा मोह आवरायचा. व्हिडिओ कॉल करताना मागच्या भिंतीवर काय टांगलंय ते एकदा बघायचं. घरात लहान मुलं असतील तर कुलूप हवंच, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. यात संकोच वाटतो खरा, पण आपण सांगितलेलं ऐकून लोक फार तर हसतात. स्वतः पाहिलं तर घाबरतात.

एक गोष्ट मला या छंदात मनापासून आवडते, ती म्हणजे बोटाची शिस्त. झाडायचं नसेल तेव्हा बोट चापाबाहेर, नळीचं तोंड माणसाकडे नाही. मैदानावर ही सवय इतकी घोटून घेतली जाते की पुढे भिंतीला भोक पाडायचं यंत्र हातात घेतलं तरी बोट आपोआप बाजूला राहतं.

तरीही घरातल्या कुणाला बंदुकीसारखी वस्तू घरात नकोच असेल, तर तो हट्ट नव्हे. लढाई हा खेळ कसा होऊ शकतो, हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. ज्यांनी खरी लढाई जवळून पाहिली त्यांना तर तो पडणारच. 'तुला कळत नाही' असं म्हणून तो उडवून लावणारे खेळाडू मला आवडत नाहीत. त्यापेक्षा त्या माणसाला एक दिवस मैदानावर नेऊन कडेला बसवावं. त्याला बहुतेक वेळा दिसतं ते असं: चिखलाने माखलेली मोठी माणसं दुपारच्या जेवणाला 'मी तुला त्या खांबामागून कसा टिपला' हे चारचारदा सांगतायत. त्यानंतरही त्याचं मत तेच राहिलं तर राहू द्यावं आणि बंदूक क्लबात ठेवावी.

डोळ्यांबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. साधा उन्हाचा चष्मा चालत नाही. युरोपच्या ईएन १६६ या जुन्या मानकात ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी काचेवर मारून बघत. 'एफ' दर्जासाठी तिचा वेग सेकंदाला ४५ मीटर, 'बी' दर्जासाठी १२० मीटर. गणित केलं तर 'एफ' म्हणजे ज्यूलभरही नाही, ०.८७, 'बी' म्हणजे ६ ज्यूलच्या वर. प्लॅस्टिकचा छर्रा आणि पोलादाची गोळी यांचा आघात सारखा नसतो, पण १ ज्यूलच्या बंदुकीसमोर 'एफ'वर भिस्त ठेवणं म्हणजे अगदी काठावरून चालणं, हे यातून कळतं. खालच्या चेहऱ्याला जाळीचा मुखवटा लावावा, कारण समोरचा दात उडाल्याच्या हकिकती या खेळात सगळीकडे ऐकू येतात. चष्म्यावर वाफ धरते आणि समोरचं काहीच दिसेनासं होतं, तेव्हा तो अर्धा सेकंद वर करायची जबर इच्छा होते. करायचं नाही. आंधळ्यासारखं चाचपडत का होईना, सेफ झोनमध्ये, म्हणजे जिथे झाडायला बंदी असते त्या जागी, जाऊन मगच काढायचा.

दुसरी गोष्ट, खूण न राहण्याची. या खेळाचा खरा जीव तिथे आहे असं माझं मत. क्रिकेटमध्ये अंपायर असतो. इथे हरणाराच अंपायर. जाड जॅकेटवर चाळीस मीटरवरून आलेला छर्रा कधी कधी टिचकीएवढाही जाणवत नाही. 'टप्' असा बारीक आवाज झाला. पान हललं का? फांदीला लागून उडालेला होता का? की लागला? कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही आणि तुमची शंका. चांगले खेळाडू अशा वेळी हात वर करतात आणि चालायला लागतात. आपल्याकडे लहानपणी ज्याला रडीचा डाव म्हणायचो, तो खेळायची अशी सोपी सोय दुसऱ्या फार कमी खेळांत असेल.

यामुळे माणूस प्रामाणिक होतो, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते मला पटत नाही. जो आधीपासून लबाड आहे तो इथेही लबाडीच करतो, फक्त आठवडाभरात सगळ्या मैदानाला कळतं आणि त्याच्याशी कुणी गट जमवत नाही. बदल होतो तो दुसऱ्या बाजूने, गोळी झाडणाऱ्यामध्ये. झाडणाऱ्याला आपला छर्रा मागून दिसतो. तो लांब जाता जाता मंदावतो आणि समोरच्याच्या एक-दोन मीटर अलीकडे खाली पडतो. पण तुमची नजर, छर्रा आणि समोरचा माणूस एकाच रेषेत असतात, त्यामुळे डोळ्यांना दिसतं ते असं की छर्रा सरळ त्याच्या छातीत शिरला. तुम्ही शपथेवर सांगाल की लागला. तो तसाच उभा. नवीन माणूस इथे पेटतो, ओरडतो, शिव्या देतो, जवळ गेल्यावर मुद्दाम चारपाच गोळ्या जास्त झाडतो. जुना माणूस पुन्हा एकदा नेम धरतो, कारण त्याने दुसऱ्या बाजूलाही उभं राहून पाहिलेलं असतं आणि अलीकडे पडणारे छर्रे मोजलेले असतात. पुढे ऑफिसात कुणी 'मी तुला मेल पाठवली होती' म्हणालं आणि आपल्याला ती आलेली नसली, तर तो खोटंच बोलतोय असं लगेच वाटेनासं होतं. एवढाच काय तो फरक, पण रोज उपयोगी पडणारा.

बाकीचे बदल भराभर सांगतो. अंग दुखतं, पहिल्या काही वेळा फारच. वीस-तीस मीटर जीव तोडून पळायचं, मग दहा मिनिटं दगडामागे उकिडवं बसायचं, पुन्हा पळायचं, असं दिवसभर. दुसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या बोलतात. दंडावर, पाठीवर लालसर गोल वळ उठतात, ते काही दिवसांत जातात. मात्र डॉक्टरांकडे किंवा पोहायला गेलात की खुलासा करावा लागतो. घोट्यापर्यंत धरणारे बूट घ्यावेत, पाणी भरपूर न्यावं आणि गवताळ जागेतून आल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना ते बघावं.

पैशाचं म्हणाल तर हौसेला मोल नाही, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. आज दुर्बीण, उद्या नवी नळी, परवा दुसरी बंदूक. नव्या नळीचा आतला व्यास जेमतेम ६.०३ मिलिमीटर, म्हणजे छर्र्याला घट्ट बसणारा, असल्याने नेम सुधारेल असं सांगतात. सुधारतोही थोडा, पण हॉप-अपचं रबर नीट बसवलं आणि छर्रे चांगल्या प्रतीचे वापरले तर त्याहून जास्त सुधारतो, तेही कितीतरी कमी पैशांत. सुरुवातीला बंदूक भाड्याने किंवा मागून घ्यावी आणि स्वतःचे पैसे आधी चष्मा आणि बुटांवर घालावेत. पहिल्या महिन्यात बंदूक घेणाऱ्यांपैकी बरेच जण वर्षाच्या आत ती विकायला काढतात.

माणसं मात्र खूप मिळतात. विद्यार्थी, निवृत्त कारकून, सुतार, दंतवैद्य एकाच भिंतीमागे दबा धरून बसतात आणि एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखतात. कोण काय काम करतं हे कित्येक महिने कळत नाही. त्याच वेळी सुट्टीचा सबंध दिवस जातो, हेही खरं. घरची लग्नं-बारशी, मुलांची शाळेची कामं, जोडीदाराचा एकमेव मोकळा दिवस यांच्याशी गाठ पडते. महिन्यातून किती वेळा जायचं हे आधीच घरात बोलून ठरवलं तर वाद टळतात. ठरवलं नाही तर दर वेळी परवानगी मागितल्यासारखं होतं आणि दोन्हीकडची तोंडं वाकडी होतात.

आणि छंद सुटला तरी बंदूक सुटत नाही. ती जुन्या खुर्चीसारखी दाराबाहेर ठेवता येत नाही, कचऱ्याच्या डब्यात तर नाहीच. डबा उपसणाऱ्याला किंवा त्यात डोकावणाऱ्या मुलाला ती खरीच वाटणार. विकायची तर घेणाऱ्याचं वय आणि स्थानिक नियम तपासावे लागतात. क्लबाला देता येते, सुट्या भागांसाठी ते आनंदाने घेतात. टाकूनच द्यायची असेल तर बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्यावी, गिअरबॉक्स उघडून स्प्रिंग मोकळी करावी, आणि नळी व सांगाडा करवतीने कापून बंदुकीचा आकार मोडल्यावरच तुकडे टाकावेत.